काशीच्या जुन्या बाजारातील काळी सुरई: ओळख, वय आणि कायदा

काशीयात्रेहून परतणाऱ्या प्रवाशाच्या सामानात गंगाजलाचा गडू आणि एखादे बनारसी वस्त्र असतेच. क्वचित एखादा प्रवासी मात्र जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरतो आणि काळीभोर, तकतकीत, अंगावर चंदेरी वेलबुट्टी असलेली मातीची सुरई घेऊन बाहेर पडतो. दुकानदार ती दीडशे वर्षांची असल्याचे सांगतो. घरी आल्यावर कोणी तिला बिदरी म्हणते, कोणी मुघलकालीन ठरवते. सुरईसोबत कागद मात्र एकही नसतो.

अशा खरेदीत एक विलक्षण अडचण दडलेली आहे. दुकानदाराचा दावा खरा ठरला, तर कायद्याने ती वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. दावा खोटा ठरला, तर जुनेपणापोटी मोजलेले पैसे वाया जातात. परदेशी स्थायिक झालेल्या आणि सुटीत काशीला जाऊन येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने तर हा प्रश्न थेट विमानतळावरील सीमाशुल्क तपासणीशी निगडित आहे. त्यामुळे अशी सुरई कोठली, कशाची आणि किती जुनी, हे कसे ओळखावे याची माहिती असणे उपयुक्त ठरते.

निजामाबादची काळी माती

वाराणसीच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर आझमगढ जिल्ह्यात निजामाबाद हे गाव आहे. हिंदी कवी अयोध्यासिंह उपाध्याय 'हरिऔध' यांचा जन्म येथेच १८६५ मध्ये झाला. तथापि, कलावस्तूंच्या जगात हे गाव ओळखले जाते ते तेथील काळ्या मृत्पात्रांसाठी. पूर्व उत्तर प्रदेशाच्या बाजारात काळी-चंदेरी मातीची सुरई दिसली की सर्वप्रथम आठवावे ते याच गावाचे नाव.

औरंगजेबाच्या राजवटीत गुजरातेतून काही कुंभार कुटुंबे येथे येऊन वसली आणि त्यांनी ही कला सोबत आणली, असे परंपरा सांगते. काळावर चंदेरी नक्षी ही मुघलकालीन दरबारी अभिरुची होती. धातूची बिदरी पात्रे ज्यांना परवडत नसत, त्यांच्यासाठी तोच थाट मातीत साधण्यात आला, असा या कलेचा एक अर्थ लावता येतो आणि तो बराचसा पटण्याजोगा आहे.

या पात्रांची घडण समजून घेतली की ओळख पटवण्याचे निम्मे काम होते. गावालगतच्या तळ्यांतील बारीक पोताची माती चाळून, मळून चाकावर चढवली जाते. सुरईचे पोट आणि मान सहसा वेगवेगळी घडवून नंतर जोडतात. भांडे काहीसे सुकल्यावर त्यावर 'काबीस' नावाचा लेप देतात. या लेपात मातीबरोबर आंब्याची साल, बांबूची पाने आणि अडुळशाची पाने असतात. त्यानंतर मोहरीचे तेल लावून पृष्ठभाग घोटून घोटून गुळगुळीत केला जातो. मग अणकुचीदार काडीने अथवा तारेने फुले, वेली आणि भौमितिक आकृत्या कोरल्या जातात.

काळा रंग येतो तो भट्टीत. येथे रंग लावला जात नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. भाताच्या तुसाचा धूर कोंडून, हवा आत शिरणार नाही अशा बंद भट्टीत भांडी भाजली जातात. मोकळ्या हवेत भाजलेली माती तांबडी होते, कारण तिच्यातील लोह प्राणवायूशी संयोग पावते. धूर कोंडलेल्या भट्टीत तोच प्राणवायू कमी पडतो, लोहाचे तांबडे संयुग काळ्या संयुगात पालटते आणि धुरातील कार्बन मातीच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतो. म्हणजे विटकरी रंगाचा माठ आणि काळी सुरई एकाच मातीची असू शकतात. फरक भट्टीचे तोंड उघडे ठेवण्याचा किंवा बंद करण्याचा.

शेवटचा टप्पा चंदेरी नक्षीचा. जस्त अथवा कथील पाऱ्यात कालवून केलेली पूड कोरलेल्या रेषांत चोळून भरतात, वरची जास्तीची पूड धुऊन काढतात आणि भांड्याला पुन्हा झिलई देतात. काही ठिकाणी शिशाचाही वापर होत असे. दातात भरली जाणारी 'चांदी' जशी प्रत्यक्षात पारा मिसळलेला धातू असते, तसाच हा प्रकार आहे. या सुरईत खरी चांदी नसते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

बिदरी आणि मातीची नक्कल

महाराष्ट्रातील वाचकाला काळावर चंदेरी नक्षी म्हटले की बिदरी आठवणार हे स्वाभाविक आहे. बिदर शेजारच्या कर्नाटकात असले तरी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतही बिदरीकाम होत आले आहे. मात्र बिदरीचे पात्र धातूचे असते. जस्तात थोडे तांबे मिसळून ते ओततात, त्यावर कोरून चांदीची तार वा पत्रा ठोकून बसवतात आणि अखेरीस बिदरच्या किल्ल्यातील विशिष्ट माती व नवसागर यांच्या लेपाने जस्त काळे करतात. चांदीवर त्या लेपाचा परिणाम होत नाही, म्हणून ती उठून दिसते.

दोहोंतील भेद हातात घेताच कळतो. जस्ताची घनता भाजलेल्या मातीच्या तिपटीहून अधिक असल्याने तेवढ्याच आकाराचे बिदरी पात्र हाताला चांगलेच जड लागते. सुरई उलटी करून तळाचा न घोटलेला भाग पाहावा, मानेच्या आतून बोट फिरवावे. मातीच्या पात्रात चाकावरील वर्तुळाकार वळ्या आणि जोडाचा उंचवटा जाणवतो. कोठे टवका उडाला असेल तर अधिकच बरे. आतील माती काळी किंवा करडी दिसली, तर भांडे धुरात भाजलेले आहे. आत स्वच्छ तांबडी माती आणि वर केवळ काळा पातळ थर असेल, तर तो रंगाचा हात असण्याचा संभव विचारात घ्यावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. काळी-चंदेरी मृत्पात्रे केवळ आझमगढ भागातच होत नसत. भारतीय कलाकुसरीचे अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात देशातील मृत्पात्रांचे प्रकार नोंदवताना आझमगढच्या काळ्या-चंदेरी पात्रांचा उल्लेख केला आणि त्याच ओघात पाटणा व सुरत येथे मातीत होणाऱ्या बिदरीच्या नकलेचीही नोंद घेतली. बर्डवुड यांचा जन्म १८३२ चा, बेळगावचा. पुढे मुंबईतील वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीशीही त्यांचा संबंध आला. म्हणजे त्यांच्या काळी निदान तीन ठिकाणांहून अशा वस्तू बाजारात येत होत्या. पाटणा आणि वाराणसी यांच्यात गंगेचा प्रवाह आणि लोहमार्ग दोन्ही आहेत. तेव्हा काशीच्या दुकानात मिळालेली प्रत्येक काळी सुरई निजामाबादचीच, असे ठामपणे म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वस्तूंना मोठी मागणी आली ती प्रदर्शनांमुळे आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या संग्रहाच्या हौसेमुळे. १८९५ मध्ये एच. आर. सी. डॉब्ज यांनी तत्कालीन वायव्य प्रांत व अवध येथील कुंभारकाम व काचकामावर स्वतंत्र प्रबंधच लिहिला. लेस्टर, नॉटिंगहॅम व ऑक्सफर्ड येथील संग्रहालयांत निजामाबादची पात्रे आजही आहेत. अधिकारी निवृत्त होऊन मायदेशी परतताना अशा वस्तू नेत, त्यांच्या पश्चात घरातील सामान विकले जाई. त्यामुळे इंग्लंडमधील जुन्या बाजारातही अशी सुरई निघू शकते आणि तेथे ती 'भारतीय' एवढ्याच वर्णनासह विकली जाते.

घडवणाऱ्या कुंभाराचे नाव यात कोठेच येत नाही. त्या काळातील एका कुंभाराचे नाव मात्र अपवादाने टिकले. १८८६ मध्ये लंडन येथे भरलेल्या वसाहती व भारत प्रदर्शनात आग्र्याच्या तुरुंगातील कारागीर नेण्यात आले होते. त्यांत बक्षीराम नावाचा वृद्ध कुंभार होता. त्याचे वय १०२ वर्षे असल्याचे सांगितले जाई. राणी व्हिक्टोरिया यांच्यासाठी चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडा यांनी त्याचे व्यक्तिचित्र काढले. आग्र्याच्या या कुंभाराला चेहरा मिळाला. निजामाबादच्या शेकडो सुरया निनावीच राहिल्या.

काळा रंग म्हणजे प्राचीन नव्हे

काशीत आणखी एक गोंधळ संभवतो. गंगाकाठच्या राजघाट येथे १९४० मध्ये रेल्वेच्या कामासाठी खोदाई सुरू असताना प्राचीन वसाहतीचे अवशेष उघडे पडले. पुढे बनारस हिंदू विद्यापीठाने तेथे विस्तृत उत्खनन केले. त्यात उत्तरेकडील काळी झिलईदार मृत्पात्रे या नावाने पुरातत्त्वज्ञ ओळखतात ती खापरे मिळाली. इसवी सनापूर्वी सुमारे ७०० ते २०० या काळातील ही पात्रे इतकी तकतकीत आहेत की काही तुकडे धातूचे वाटावेत. महाराष्ट्रात नाशिक, बहाळ व प्रकाशे येथील उत्खननांतही अशी खापरे आढळली आहेत. बनारस हिंदू विद्यापीठातील भारत कला भवन या संग्रहालयात राजघाटच्या मृण्मय मूर्ती पाहावयास मिळतात. राय कृष्णदास यांनी १९२० मध्ये स्थापन केलेले हे संग्रहालय १९५० मध्ये विद्यापीठाकडे आले.

प्रदेश जवळपास तोच, रंग काळा, झिलईही तशीच; त्यामुळे निजामाबादची कला अडीच हजार वर्षांपासून अखंड चालत आली, असे सांगण्याचा मोह होतो. दोहोंच्या मध्ये दीर्घ काळाचे अंतर आहे आणि चंदेरी भरणकाम त्या प्राचीन पात्रांवर नाही. धूर कोंडून माती काळी करण्याचे तंत्र जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे विकसित झाले. म्हणून चंदेरी वेलबुट्टीची सुरई कोणी 'मौर्यकालीन' म्हणून दाखवली, तर तेथून काढता पाय घेणे श्रेयस्कर.

जमिनीत सापडलेल्या वस्तूंची गोष्ट निराळी. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. दहा रुपयांचा हा आकडा त्या काळचा असून तो तसाच राहिला आहे.

वय कसे ठरते

सुरईचे वय केवळ डोळ्यांनी ठरवणे कठीण आहे आणि त्याचे कारण या कलेतच आहे. निजामाबादेत तंत्र फारसे बदललेले नाही. शंभर वर्षांपूर्वीची सुरई आणि चाळीस वर्षांपूर्वीची सुरई माती, लेप, भट्टी आणि भरणकाम यांबाबत सारखीच असू शकते. नक्षीचे नमुनेही वडिलांकडून मुलाकडे आलेले. जुनेपणाची जी चिन्हे विक्रेता दाखवतो, ती बहुतेक वापराची असतात: तळाची झीज, मानेवरील तेलकट डाग, रेषांतील उडालेली पूड. धुळीत आणि उन्हात दहा वर्षे पडून राहिलेले भांडेही तसेच दिसते.

कोरीवकामाकडे मात्र अवश्य पाहावे. मुळात अंगावर दाट, एकसंध जाळी असलेल्या सुरईत रेषांची जाडी सारखी आहे काय, मानेकडून पोटाकडे उतरताना वेल आक्रसते-फुलते काय, हे पाहिले तर निदान हात कसबी होता की घाईचा, एवढे कळते. चांगला हात आजही आहे आणि वाईट हात तेव्हाही होता. त्यामुळे या पाहणीतून वर्षाचा आकडा निघत नाही. वस्तूची योग्यता कळते. संग्राहकाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची असावयास हवी.

शास्त्रीय परीक्षा हवी असल्यास उष्णताजन्य प्रकाशमापनाची पद्धत उपलब्ध आहे. मातीतील स्फटिककण सभोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा वर्षानुवर्षे साठवत राहतात. भांडे भट्टीत भाजले जाते तेव्हा हा साठा रिकामा होतो आणि त्या क्षणापासून पुन्हा भरू लागतो. प्रयोगशाळेत अल्पसा नमुना तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि ती मोजून शेवटच्या भाजणीला किती काळ लोटला याचा अंदाज करता येतो. मात्र त्यासाठी भांड्याला छोटे छिद्र पाडून भुकटी घ्यावी लागते, खर्चही होतो आणि उत्तर कालखंडाच्या स्वरूपात मिळते. दोन हजार वर्षांचे आणि काल घडवलेले भांडे यांत ही पद्धत सहज निवाडा करते. नव्वद वर्षे की एकशे दहा, या प्रश्नावर तिचा फारसा उपयोग नाही आणि कायद्याचा सारा प्रश्न नेमका तेथेच अडतो.

शंभर वर्षांची रेषा

पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू गणली जाते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. घरगुती सुरईही कलाकुसरीची वस्तू असल्याने या व्याख्येत येऊ शकते.

अशी वस्तू बाळगणे हा गुन्हा नाही आणि देशांतर्गत तिची खरेदी-विक्रीही करता येते. सक्तीची नोंदणी आहे ती प्रामुख्याने शिल्पे, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित वर्गांसाठी. तथापि, पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्यास परवाना आवश्यक आहे. त्यामुळे सुरई शंभर वर्षांहून जुनी असल्याचे छातीठोकपणे सांगणाऱ्या दुकानदाराला परवाना दाखवण्याची विनंती करणे खरेदीदाराच्या हिताचे आहे. अनेकदा या एका प्रश्नाने सुरईचे वय झपाट्याने कमी होते.

निर्यातीबाबत नियम कडक आहेत. केंद्र सरकार अथवा त्याने प्राधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणालाही पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. उल्लंघन झाल्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. वस्तू जुनी दिसते पण पुरावस्तू नाही, असे असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे ती दाखवून तसे प्रमाणपत्र घेता येते. परदेशी नेण्याचा विचार असेल, तर प्रवासाच्या आदल्या दिवशी नव्हे, खरेदीनंतर लगेच ही तजवीज करावी.

निजामाबादच्या काळ्या मृत्पात्रांना डिसेंबर २०१५ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. उत्तर प्रदेश सरकारच्या २०१८ च्या 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत आझमगढसाठी याच कलेची निवड झाली. जून २०२२ मध्ये जर्मनीत झालेल्या जी-७ परिषदेच्या वेळी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जपानचे तत्कालीन पंतप्रधान फुमिओ किशिदा यांना निजामाबादची काळी पात्रे भेट दिली. या प्रसिद्धीनंतर विक्रेत्यांच्या बोलण्यात भौगोलिक निर्देशनाचा उल्लेख वारंवार येऊ लागला तर नवल नाही. ते निर्देशन वस्तूच्या उगमाविषयी असते. वयाविषयी ते काहीही सांगत नाही, आणि २०१५ पूर्वी हस्तांतरित झालेल्या निनावी सुरईला ते मागाहून चिकटवता येत नाही.

पाणी ठेवावे का

सुरई मुळात पाण्याचे भांडे. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर त्याची वाफ होते आणि त्या क्रियेत आतील पाण्याची उष्णता खर्ची पडते. पूर्वांचलातील मे महिन्यात अरुंद मानेची सुरई म्हणूनच घराघरांत असे. निजामाबादेतही पाण्याच्या भांड्यांना लाखेचा थर देत नाहीत. तो शोभेच्या वस्तूंवर असतो. अंगावर लाखेची चकाकी असलेली सुरई पाणी गार करू शकत नाही, कारण तिची छिद्रेच बुजलेली असतात.

नक्षीत पारा आणि कदाचित शिसे असलेल्या जुन्या सुरईत मात्र पाणी, ताक अथवा सरबत ठेवू नये. पूर्वी कोणत्या धातूचे किती प्रमाण वापरले, हे घरबसल्या कळण्याचा मार्ग नाही. ती उन्हात अथवा शेगडीजवळ ठेवू नये, कारण उष्णतेने पाऱ्याची वाफ होते. पितळेच्या भांड्यांप्रमाणे चिंच, लिंबू अथवा राख लावून घासण्याची चूक आपल्याकडे हमखास होते. आंबट पदार्थाने भरणकामातील धातू विरघळतो आणि राखेने झिलई जाते. मऊ, कोरड्या फडक्याने हलकेच पुसणे पुरेसे आहे. उडालेली नक्षी चंदेरी रंगाने भरण्याचा उद्योगही करू नये.

काळी नसलेली सुरई

काशीच्या जुन्या बाजारात तपकिरी चकाकीची सुरई मिळाली, तर मिर्झापूर जिल्ह्यातील चुनारचे नाव घ्यावे. वाराणसीच्या नैर्ऋत्येला गंगाकाठी असलेले हे गाव किल्ल्याइतकेच चकाकीच्या मृत्पात्रांसाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या चिनी मातीवर निळी फुले छापलेला, मुठीचा जग असेल, तर तो बहुधा परदेशी आणि त्याचे वय सांगणे तुलनेने सोपे. तळाशी चौकटीच्या आकाराचे ब्रिटिश नोंदणीचिन्ह असल्यास त्या नमुन्याची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळातली. १८८४ पासून तेथे नुसता नोंदणी क्रमांक येऊ लागला. देशाचे नाव असेल, तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव सक्तीचे केले.

निजामाबादच्या सुरईच्या तळाशी असे काही नसते. म्हणून खरेदीच्या दिवशीच एका कागदावर दुकानाचे नाव, तारीख, मोजलेली किंमत आणि वस्तू कोणत्या घरातून आली याविषयी दुकानदाराने सांगितलेला मजकूर त्याच्याच शब्दांत टिपून, शक्य झाल्यास त्याची सही घेऊन, सुरईच्या छायाचित्रासह जपून ठेवावा. बिलावर 'काळी सुरई, एक नग' एवढेच लिहिलेले असेल, तर 'माती, धुरात भाजलेली, चंदेरी भरणकाम' हे शब्द आणि सेंटिमीटरमधील उंची त्यात आग्रहाने लिहवून घ्यावी.